बजीच्या पायात रुतलेली रिंग

पक्ष्याच्या पायातली रिंग कापून देता का, असं विचारत अधूनमधून कोणीतरी पिंजरा घेऊन माझ्या दुकानात येतं. आर्वी तालुक्यातल्या एका गावात माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटारी बांधून देतो. तार तोडायचा निपर, नोज प्लायर, बारीक करवत, सगळं टेबलावर पसरलेलं असतं, त्यामुळे एवढीशी रिंग हा माणूस सहज काढून देईल असं लोकांना वाटतं. मी कापत नाही. का कापत नाही आणि आमच्या घरच्या बजीच्या, म्हणजे पिंजऱ्यातल्या छोट्या पोपटाच्या, पायात रुतलेली रिंग शेवटी कशी निघाली, ते इथे लिहितो. खेड्यात पक्ष्यांचा डॉक्टर नसतो, आणि अशा वेळी सुरुवातीला काय करायचं आणि काय नाही, हे घरच्यांनाच ठरवावं लागतं.

आमच्याकडे बजीची जोडी आहे. गावात त्यांना सगळे लव्हबर्डच म्हणतात. हिरवा नर नागपूरच्या एका हौशी माणसानं माझ्या मुलीला दिला. तो प्रदर्शनात ठेवायचे पक्षी वाढवतो, म्हणून नराच्या उजव्या पायात अ‍ॅल्युमिनियमची लाल बंद रिंग होती. निळी मादी बाजारातून आणलेली, तिच्या पायात पिवळ्या प्लास्टिकची गुंडाळी.

बंद रिंगेला कुठे जोड नसतो. पिल्लू साधारण ५ ते १० दिवसांचं असताना ती घालतात. पुढची दोन बोटं आणि मागचं लांब बोट एकत्र करून त्यावरून रिंग सरकवायची आणि मागचं आखूड बोट काडीनं अलगद बाहेर काढायचं. पुढे पंजा वाढतो आणि रिंग आयुष्यभर पायात राहते. बजीसाठी आतला व्यास ४ मिलिमीटरच्या थोडा वर असतो. रिंगेवर संस्थेची अक्षरं, पाळणाऱ्याचा क्रमांक, पक्ष्याचा क्रमांक आणि जन्माचं वर्ष कोरलेलं असतं. पक्ष्याचं वय नक्की सांगणारी, कोण कोणाचं पिल्लू ते दाखवणारी दुसरी खूण नसते, म्हणून पाळणारे तिला जपतात. मोठ्या विदेशी पोपटांच्या बाबतीत तर ती फारच महत्त्वाची. २०२४ च्या नियमांनी असे पक्षी ठेवणाऱ्यांना केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते आणि तिथे ओळख पटवायला रिंगेचा आधार होतो. बजी आणि कॉकॅटील (तुऱ्याचा छोटा पोपट) साइटिसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीतून वगळलेले आहेत, त्यामुळे आमच्यावर ती अडचण नव्हती. (आपला देशी पोपट मात्र पाळताच येत नाही, रिंग असो वा नसो.)

म्हणजे सैल आहे, वरखाली सरकते, गोल फिरते, अशा रिंगेला हात लावायची गरज नाही. आमच्या नराची रिंग फिरेनाशी झाली तेव्हाच काळजी सुरू झाली.

आधी मुलीच्या लक्षात आलं. "बाबा, हा एकाच पायावर बसून राहते, अन् दुसऱ्या पायाले सारखा चोच मारते." एका पायावर बसणं बजीला नवं नाही, झोपताना ते तसेच बसतात. पण जागेपणी, तेही त्याच पायाला चोच मारत बसणं वेगळं. रात्री दिवे मालवून त्याला धरलं आणि बॅटरीच्या उजेडात भिंगातून पाय पाहिला. रिंगेच्या वरच्या कडेला पांढरट, भुसभुशीत थर जमला होता आणि तसाच थर चोचीच्या मुळाशीही होता. रिंगेच्या खालचं कातडं किंचित फुगलेलं. दोन्ही पंजे शेजारी धरले तर उजवा गडद गुलाबी, डावा फिका. सगळ्यात वाईट म्हणजे रिंगेच्या खालून एक तंतू डोकावत होता. कापसाचा.

ते दिवस कापूस घरात असण्याचे. भाव वाढेल म्हणून भावानं समोरच्या खोलीत छतापर्यंत कापूस भरून ठेवला होता. विदर्भात हे दृश्य घरोघरी असतं. पंखा लावला की रुई उडते, पिंजऱ्याच्या जाळीला चिकटते, आणि बजीला काहीही चोचीत धरून ओढायची सवय. तंतू पायाला अडकला, रिंगेखाली शिरला आणि पक्षी फिरेल तसा पीळ बसत गेला. त्यातच खवल्यांचा माइट, हा बारीक किडा कातडीत राहतो आणि चोच, पाय यांच्यावर थर चढवतो. थर वाढला, जागा संपली, आणि जी रिंग वर्षानुवर्षं त्रास देत नव्हती ती रुतायला लागली.

मग सल्ले सुरू झाले. आई म्हणाली, "गोडं तेल लाव न थोडंसं, सरकन निघते." शेजारचे काका म्हणाले, "सोनाराकडे नेऊन पाय न, तो बोटातली मुंदी कापते तशी कापून देईन." दोन्ही सल्ले मायेचे होते आणि माणसाच्या बोटाला लागूही पडतात. पण पिल्लाची बोटं दुमडून घातलेली रिंग मोठ्या पक्ष्याच्या पंज्यावरून निघत नाही. शिवाय तेल पिसांना लागलं की पिसं चिकटतात आणि पक्ष्याला स्वतःची ऊब राखता येत नाही. सोनाराच्या कटरची खालची पट्टी अंगठी आणि बोट यांच्यामध्ये सरकवावी लागते. इथे तर मध्ये कागद जायला जागा नव्हती.

माझ्या स्वतःच्या निपरबद्दल मात्र मला खात्री करून घ्यायची होती. केबलला लावतात ते अ‍ॅल्युमिनियमचं थिंबल घेतलं, करवतीनं त्याच्या नळीची अरुंद चकती कापली, कानशीनं घासून रिंगेएवढी पातळ केली. व्हर्निअर लावून आतला व्यास पाहिला, बजीच्या रिंगेच्या जवळपास. आत आगपेटीची काडी घातली आणि उरलेल्या फटीत मेण भरलं. मग निपरच्या दोन धारांमध्ये ती रिंग धरून हळूहळू दाब वाढवला. रिंग आधी कापली जात नाही. ती आधी चपटी होते. गोल होती ती लांबट झाली, आतली काडी दोन्ही बाजूंनी चेपली गेली, आणि त्यानंतर कुठे टक् करून तुटली. तुटताना उरलेला भाग झटक्यानं फिरला आणि काडी मोडली. पुन्हा करून पाहिलं, तेच झालं. बजीच्या पायाचं हाड काडीपेक्षा काही फार जाड नसतं, आणि काडीभोवती रक्तवाहिन्या नसतात. ती चेपलेली काडी मी घरी नेऊन सगळ्यांना दाखवली. त्यानंतर आमच्या घरात कापायचा विषय कोणी काढला नाही.

सकाळी तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. तिथले डॉक्टर दिवसभर गायी-बैल-बकऱ्यांमध्ये असतात, तरी त्यांनी पक्षी नीट पाहिला. दोन्ही पंजे आपल्या बोटांत धरून ऊब तपासली. पंजा गरम आहे, बोटं हलतात, पकड आहे, म्हणजे रक्त जातंय, असं ते म्हणाले. पंजा थंड पडला, निळा-काळा दिसायला लागला, तर तासाचाही उशीर नको. मग स्पष्टच सांगितलं, "माझ्याकडे एवढं बारीक कटर नाही अन् पक्ष्याला भूल द्यायचा गॅस नाही. मी इथे हात घालणार नाही. नागपूरले न्या." पूर्व विदर्भाला नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि पश्चिमेकडच्यांना अकोल्याची पदव्युत्तर पशुवैद्यक संस्था, अशा दोन जागा आहेत. शिवाय नागपुरात पक्षी पाहणारे खासगी डॉक्टरही आहेत. तालुक्याच्या डॉक्टरांनी त्यांच्या ओळखीच्या अशाच एका डॉक्टरांना फोन लावून वेळ घेतली. स्वतःला जे येत नाही ते येत नाही म्हणून सांगणारा डॉक्टर मला फार मोठा वाटतो.

निघताना त्यांनी बजावलं की तंतू ओढायचा नाही, ओढला तर पीळ अजून घट्ट बसतो. आणि गोठ्यातलं आयव्हरमेक्टिन चुकूनही टोचायचं किंवा पाजायचं नाही. हे दुसरं मी ठळकपणे सांगतो, कारण जनावरं असलेल्या घरात ती बाटली असतेच आणि हे औषध माइटवर चालतं हेही लोकांना ऐकून ठाऊक असतं. जनावरांच्या १ टक्क्याच्या इंजेक्शनमध्ये एका मिलिलिटरला १० मिलिग्रॅम औषध असतं. छत्तीस ग्रॅमच्या पक्ष्याला लागतं ते मिलिग्रॅमचा शंभरावा भागसुद्धा भरत नाही. अंदाजानं दिलेला एक थेंब पक्ष्याचा जीव घेऊ शकतो.

ऊन तापायला लागलं होतं, म्हणून पहाटेची एसटी धरली. तळेगाव, कारंजा, कोंढाळी असा रस्ता. पिंजरा नेला नाही. बाजूंना भोकं पाडलेला छोटा पुठ्ठ्याचा डबा घेतला, तळाला जुना टॉवेल, थोडं राळं आणि काकडीची फोड. पाण्याची वाटी प्रवासात सांडते आणि पक्षी ओला होतो, काकडीतून पाणी पोटात जातं. झोपायच्या दांडीच्या जागी काहीच ठेवलं नाही, धक्क्यानं पडायला नको. अंधारात तो शांत बसला. मुलगी डबा मांडीवर घेऊन, खिडकीची झळ लागू नये म्हणून ओढणी आडवी धरून बसली होती.

नागपूरच्या डॉक्टरांनी आल्या आल्या पक्ष्याला हात लावला नाही. डबा अंधाऱ्या खोलीत ठेवला, श्वास खाली बसू दिला. मग वजन घेतलं, ३६ ग्रॅम. बजीच्या अंगात रक्त वजनाच्या साधारण दहाव्या भागाएवढं, म्हणजे आमच्या पक्ष्यात साडेतीन मिलिलिटर. लहान चमच्यातही मावेल एवढं. त्यातले सात-आठ थेंब गेले तरी काळजी करावी लागते, असं त्यांनी सांगितलं तेव्हा माझ्या हाताला घाम सुटला.

धरायचं कसं तेही त्यांनी मुलीला शिकवलं. पाठ तळहाताला, डोकं तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात, मानेला दोन्ही बाजूंनी नुसता आधार. बाकीची बोटं अंगाभोवती सैल. छाती दाबायची नाही, अजिबात नाही. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल नसतं, छातीचं हाड पुढे-मागे होतं तेव्हाच हवा आत-बाहेर जाते. छाती आवळली की चोच-नाक मोकळं असूनही तो गुदमरतो. चोच उघडून धापा टाकायला लागला किंवा शेपूट जोरात वरखाली व्हायला लागली की जे चाललंय ते थांबवून डब्यात परत.

रिंगेवरच्या क्रमांकाचा त्यांनी फोटो काढायला लावला आणि अक्षरं कागदावर लिहून घेतली. कापल्यावर तीच जागा नेमकी फुटते, मग वाचता येत नाही.

भूल गॅसची होती, आयसोफ्लुरेन. इवल्याशा मास्कमध्ये चोच गेली आणि थोड्याच वेळात पक्षी सैल पडला. एक सहायक फक्त श्वास मोजत उभा होता. डॉक्टरांनी कोमट सलाइननं रिंगेभोवतीचा थर भिजवला, बोथट टोकाच्या सळीनं कणाकणानं सोडवला. घाई नाही. सगळ्यात जास्त वेळ याच कामाला लागला. मग बारीक चिमट्यानं रिंग घट्ट धरली, म्हणजे कापताना ती पायावर फिरू नये, आणि दातांच्या डॉक्टरकडे असतं तसलं बारीक फिरतं पातं रिंगेला टेकवलं.

इथून मी श्वास रोखून पाहत होतो, कारण धातूचं काम मला कळतं. पातं फिरलं की धातू तापतो, म्हणून दर क्षणाला सलाइनचा थेंब पडत होता. आणि त्यांनी रिंग आरपार कापलीच नाही. एका बाजूला खाच, मग बरोबर समोरच्या बाजूला दुसरी खाच, दोन्ही ठिकाणी तळाशी कागदाएवढा धातू शिल्लक ठेवून. पातं कातडीपर्यंत पोचायचा प्रश्नच उरला नाही. मग दोन चिमटे खाचेच्या दोन्ही अंगांना लावून ते एकमेकांपासून बाहेरच्या दिशेनं उघडले. दाब आत नाही, बाहेर. एक खाच फुटली, मग दुसरी, आणि रिंगेचे दोन अर्धगोल ट्रेमध्ये पडले. माझ्या निपरनं जे काडीचं केलं होतं त्याच्या बरोबर उलट.

खाली कातडीवर लालभडक चर पडला होता आणि त्यात कापसाचा पिळलेला तंतू बसलेला. तो भिजवून, एका जागी कापून, उलट्या दिशेनं उलगडून काढला. रक्त आलं ते टाचणीच्या टोकाएवढं, कापसाच्या बोळ्यानं नव्हे तर गॉजनं दाबून धरलं आणि थांबलं. नखातून रक्त आलं तर लावायची पूड कातडीच्या जखमेला लावू नका, जळजळते, हेही सांगितलं. मास्क काढल्यावर पक्षी टॉवेलमध्ये डुलत जागा झाला, थोड्या वेळानं उभा राहिला, आणि दोन्ही पायांवर उभा राहिला. मुलगी रडली. मीही डोळे पुसले.

दुखण्यासाठी मेलॉक्सिकॅमचे थेंब दिले, वजनावर मोजून. हे औषध ऐकून मला गिधाडं आठवली. डायक्लोफिनॅक दिलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडं संपत आली, म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी ते बंद झालं, आणि गिधाडांना चालणारं म्हणून जे पुढे आलं ते हेच मेलॉक्सिकॅम. माइटसाठी आयव्हरमेक्टिन पातळ करून मानेमागच्या कातडीवर लावलं, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा लावायला सांगितलं, मादीलाही, तिला काही दिसत नसलं तरी.

घरी आल्यावर पिंजरा बदलला. दांड्या खाली आणल्या, म्हणजे पकड सुटली तरी उंचावरून पडायला नको. दुकानातून मिळालेली सरळ, एकाच जाडीची गुळगुळीत दांडी काढली आणि कडुलिंबाच्या, जांबाच्या फांद्या धुऊन लावल्या, कमी-जास्त जाडीच्या. दाणे तळाला वाटीत. पायाला पट्टी बांधली नाही. पट्टीचा धागा सोडवून तो पुन्हा तेच करून घेईल, म्हणून डॉक्टरांनीच नको म्हटलं होतं. रोज रात्री बॅटरी आणि भिंग घेऊन चर पाहायचा, रंग पाहायचा, ऊब पाहायची. लाली उतरत गेली, थर गळून पडला. पिंजरा मागच्या खोलीत नेला आणि भावानं स्वतःहून कापसावर ताडपत्री टाकली. त्या पायाची एक नखी किंचित तिरपी वाढते, बाकी तो आता उलटा लटकून राळ्याचं कणीस फोडतो.

मादीची प्लास्टिकची गुंडाळी आम्ही घरीच काढली, डॉक्टरांना दाखवून आणि विचारूनच. ती सैल होती, तरी गुंडाळीच्या वेढ्यांमध्ये तंतू सहज अडकतो, म्हणून ती नको असं ते म्हणाले होते. रात्री खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, दिवा मंद. डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे मुलीनं मादीला धरलं. मी पायाला धरलं नाही, गुंडाळीलाच धरलं. वरचं टोक नखानं किंचित उचललं, खालचा वेढा दुसऱ्या हाताच्या चिमटीत स्थिर ठेवला, आणि टोक पायाभोवती उलट फिरवत नेलं. प्लास्टिकची पट्टी वेढ्यावेढ्यानं मोकळी झाली. पाय एकदाही ओढला गेला नाही. असंच जोड असलेल्या सैल धातूच्या उघड्या रिंगेचं असतं. ती उघडायला दाबल्यावर टोकं फाकणारा सर्कलिप प्लायर लागतो आणि ताकद फक्त बाहेरच्या दिशेनं लावायची असते. पण धातूची रिंग मी तरी डॉक्टर शेजारी असल्याशिवाय उघडणार नाही.

नराच्या रिंगेचे दोन तुकडे एका पुडीत घालून मुलीनं वहीला चिकटवले आहेत, खाली क्रमांक आणि जन्माचं वर्ष लिहून. ज्यांनी पक्षी दिला त्यांना फोन करून रिंग काढल्याचं कळवलं, त्यांनी त्यांच्या नोंदीत तसं लिहून घेतलं. दुकानात कोणी पिंजरा घेऊन आलं की मी आधी पंजे शेजारी धरून रंग आणि ऊब पाहतो, मग रिंग फिरते का ते पाहतो. फिरत असेल तर घरी पाठवतो. फिरत नसेल तर चेपलेली काडी ड्रॉवरमधून काढून दाखवतो आणि नागपूरच्या डॉक्टरांना फोन लावून देतो.